आस्थापना शाखा आणि मनुष्यबळाचे नियोजन

महोदय,

कोकणात सरकारी कर्मचारी टिकत नाही, ही तक्रार इतकी जुनी झाली आहे की आता ती कोणी तक्रार म्हणून ऐकतही नाही. घाटावरून आलेला कर्मचारी पहिल्या पावसाळ्यातच बदलीचा अर्ज लिहायला घेतो आणि त्याची खुर्ची पुढे ‘अतिरिक्त कार्यभारा’वर चालते. रत्नागिरी जिल्ह्यातील एका कार्यालयाच्या आस्थापना शाखेतून मी निवृत्त झालो. दमट हवेने पाने चिकटलेली सेवापुस्तके पंख्याखाली सुकवून त्यांत वेतनवाढीच्या नोंदी घेणे, बिंदुनामावली (कोणते पद कोणत्या आरक्षित प्रवर्गाचे, याचा तक्ता) तपासणे, रजेच्या टिपण्या लिहिणे यातच आमचे वर्ष सरे. दोन वर्षांनी कोण निवृत्त होणार आणि त्याचे काम तोवर कोण शिकून घेणार, हा प्रश्न साहेबांच्या बैठकीत कधी निघालाच नाही.

अमेरिकेने २००२च्या कायद्याने २४ प्रमुख संघीय विभाग व संस्थांत मुख्य मनुष्यबळ अधिकारी नेमणे बंधनकारक केले. भरती, प्रशिक्षण आणि भावी गरजा यांबाबत प्रमुखाला सल्ला देणे, हे त्याचे काम. (नुसते पद निर्माण करून भागत नाही, हे मान्य.) आपल्या महाराष्ट्राचा २००५चा बदल्यांचा कायदा साधारण तीन वर्षांचा पदावधी ठरवून देतो, परंतु रिकाम्या होणाऱ्या जागेवर कोण, कोणत्या तयारीनिशी येणार, हे पाहणारा ज्येष्ठ अधिकारी जिल्ह्यात नसतो. असे पद निर्माण करून त्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या आढावा बैठकीत स्थान द्यावे आणि बदल्यांच्या हंगामापूर्वी, मार्चमध्येच, त्याचे लेखी मत घ्यावे.

– एक सेवानिवृत्त लिपिक, रत्नागिरी