बाबा, यंदाच्या फवारणीआधी

ती. बाबा व ती. आईस,
सा. न.

परीक्षा आटोपली. फार्माकॉलॉजीचा पेपर चांगला गेला. ॲनाटॉमीचं विचारू नका. आई, चिवडा पोचला, मला मूठभरच मिळाला.

बाबा, पऱ्हाटीवर आता फवारणी सुरू होईल, म्हणून मुद्दाम लिहिते. 2017 साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात किती कास्तकार फवारणीच्या विषबाधेने गेले, ते तुम्ही पाहिलंच आहे. ते का गेले, हे मला आत्ता नीट कळलं.

नस, म्हणजे रक्ताची नव्हे तर मज्जातंतू, हृदयाला किंवा स्नायूला थेट चिकटलेली नसते. मधल्या फटीत ती ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन सोडते. ऑटो लोवी या शास्त्रज्ञांनी 1921 मध्ये बेडकाच्या हृदयाची नस चेतवली, हृदय मंदावलं. त्यातलं पाणी दुसऱ्या हृदयाला दिलं, तर तेही मंदावलं! काम झालं की एक एन्झाइम हे रसायन लगेच तोडतं. मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक नेमकं त्या एन्झाइमलाच धरून बसतं. मग रसायन साचत जातं: लाळ, घाम, उलट्या, जुलाब, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, आणि छातीत स्राव भरून श्वास कोंडतो.

यावर ॲट्रोपिन देतात, ते ॲसिटिलकोलीनची वाट अडवतं. वॉर्डात ते चालू असताना सिस्टर सांगतात, बाहुल्या काय बघता, स्टेथो लावा. घरघर थांबून छाती कोरडी झाली की डोस पुरला. स्नायूंचा लुळेपणा मात्र त्याने जात नाही, म्हणून काहींना व्हेंटिलेटर लागतो.

धुऱ्यावरच्या धोतऱ्यातही ॲट्रोपिन असतं. पण उतारा म्हणून कोणी बिया द्यायला निघालं, तर हात धरा. मात्रेचा काही नेम नसतो. महादेवाला वाहता तेवढं पुरे.

आई, हे तुझ्यासाठी. बाबांना सर्दी झाली की तू मेडिकलमधून गोळी आणतेस. तिच्यात बहुतेक वेळा क्लोरफेनिरामिन असतं, आणि तेही ॲसिटिलकोलीनची वाट अडवतं. बाबांचं प्रोस्टेट वाढलंय, लघवी तुंबू शकते. या वयात माणूस बरळायलाही लागतो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नकोस.

फवारताना गरगरलं, मळमळलं, तर तिथेच पंप उतरवा, कपडे काढा, साबणाने अंग धुवा आणि दवाखाना गाठा. औषधाची बाटली सोबत घ्या, तिच्यावरचा कागद फाडू नका. घरी पडून राहू नका, बाबा, तुमची ती सवय मला माहीत आहे.

हातमोजे आणि मास्कचे दोन जोड पाठवलेत. दुसरा जोड रोजाने येणाऱ्यासाठी आहे, ठेवून देऊ नका.

तुमची,
लेक