पूररेषेचा कोडही मागा

महोदय,

पूररेषेवरून वाद पेटला की नकाशावर बोट ठेवून भांडणे होतात. तो नकाशा पावसावरून पुराचे गणित करणाऱ्या ज्या संगणकीय प्रारूपातून (मॉडेलमधून) निघाला, त्याचा कोड मात्र कुणी मागत नाही. चुका तिथे असतात, आणि त्या अगदी साध्या असतात.

पावसाची तारीखच घ्या. हवामान खाते सकाळी साडेआठला मागील २४ तासांचा पाऊस मोजून त्याच दिवसाच्या तारखेला नोंदवते. म्हणजे ५ ऑगस्टच्या आकड्यातला बराचसा पाऊस ४ तारखेला पडलेला असतो. उपग्रहाचे दैनंदिन आकडे यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेनुसार, म्हणजे आपल्या पहाटे साडेपाचपासून मोजलेले, आणि तारीख सुरुवातीच्या दिवसाची. प्रारूप पर्जन्यमापकांच्या आकड्यांशी जुळवून घेतले आणि पुढे उपग्रहाच्या आकड्यांवर चालवले, तर पुराचा माथा जवळपास एक दिवस आधीच दिसतो. प्रोग्राम कुठे अडत नाही, त्यामुळे संशयही येत नाही.

दुसरी चूक: ‘नोंद नाही’ यासाठी लिहिलेले -९९९ प्रोग्राम खरा आकडा समजतो. नऊ केंद्रांवर प्रत्येकी १११ मिमी आणि दहावे बंद, तर सरासरी पाऊस चक्क शून्य!

उपाय महागडे नाहीत. मूळ फायलींना हात लावू नये. दुरुस्ती स्क्रिप्टमधूनच व्हावी, एक्सेलमध्ये हाताने नको. कोडमधल्या चलाच्या (व्हेरिएबलच्या) नावातच एकक असावे, कारण एक क्युमेक (सेकंदाला एक घनमीटर) म्हणजे ३५.३१ क्युसेक (सेकंदाला घनफूट). १०० चौरस किमीवर १०० मिमी पाऊस म्हणजे १ कोटी घनमीटर, साधारण ०.३५ टीएमसी (अब्ज घनफूट). नदीतला आधीचा प्रवाह आणि धरणाचा विसर्ग वजा करून त्याहून जास्त पाणी बाहेर पडताना दिसले, तर प्रोग्रामने तिथेच थांबावे. उत्तर आधीच माहीत असलेले असे एखादे छोटे उदाहरण कोडमधल्या प्रत्येक बदलानंतर आपोआप चालवावे. बदलांची नोंद गिटमध्ये, म्हणजे कोडचा प्रत्येक बदल जपून ठेवणाऱ्या प्रणालीत, असावी. ‘फायनल_नवीन_२’ नावाच्या फोल्डरला नोंद म्हणत नाहीत.

निळी आणि लाल (मोठ्या आणि त्याहून मोठ्या पुराची) पूररेषा आखून घेताना निविदेतच अट हवी: नकाशाच्या कोपऱ्यात कोडची आवृत्ती आणि विदासंचाची (वापरलेल्या डेटाची) तारीख छापावी. कामात नसलेल्या अभियंत्याने वेगळ्या संगणकावर तोच नकाशा पुन्हा काढून दाखवावा. पाणीपातळीत किती सेंटिमीटरचा फरक चालेल, हे आधी लिहून ठेवावे. तोवर शेवटचे बिल देऊ नये.

— एक वाचक, सांगली