बीएमएस ‘डायरेक्ट’ करून घेऊ नका

मा. संपादक,

ई-स्कूटर पेटल्याच्या बातमीत ‘गाडी रात्रभर चार्जिंगला लावली होती’ हे वाक्य हमखास असतं आणि सगळा दोष चार्जरवर जातो. मी बॅटरी पॅक बांधतो, दुरुस्तही करतो. त्या रात्रीच्या बऱ्याच आधी गॅरेजमध्ये काय झालं होतं, हे सहसा कुणी विचारत नाही.

गाडी जुनी झाली की पन्हाळ्याच्या चढावर मध्येच बंद पडू लागते. मेकॅनिक सांगतो, ‘बीएमएस कट मारतोय, डायरेक्ट करून देतो.’ बीएमएस म्हणजे सेलवर नजर ठेवून धोका दिसला की पॅक तोडणारं सर्किट. ‘डायरेक्ट’ म्हणजे त्यातले मॉस्फेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) वगळून पॅकची निगेटिव्ह वायर सरळ बाहेरच्या निगेटिव्हला जोडायची. गाडी चढते, गिऱ्हाईक खूश!

पण साध्या बीएमएसमध्ये चार्ज आणि डिस्चार्ज बहुधा त्याच वायरीतून होतात. करंटची अडचण काढताना चार्जिंगचं संरक्षणही जातं. ४८ व्होल्टचा, एकापुढे एक जोडलेल्या तेरा सेल-गटांचा लिथियम-आयन पॅक पूर्ण भरला की ५४.६ व्होल्ट होतो, म्हणजे गटाला ४.२. चार्जरला एवढी बेरीजच दिसते. एक गट ४.० वर अडकला आणि दुसरा धोकादायक ४.४ वर गेला, तरी बेरीज बरोबरच! तो ४.४ वाला हेरून चार्जिंग तोडणारा एकच होता, बीएमएस; त्यालाच वाटेतून काढलेला असतो.

मुळात चढावर कट का बसतो? जुन्या सेलचा अंतर्गत रोध वाढतो, लोड आला की व्होल्टेज खाली बसतं आणि बीएमएस पॅक तोडतो. तो आजार दाखवतोय. सेल तपासायचे सोडून त्याचंच तोंड बंद करणं हा शुद्ध आळस आहे.

कट खरोखर जादा करंटचा असेल, तर तो डिझाइनचा प्रश्न आहे. करंट आवरायचा असतो मोटर चालवणाऱ्या कंट्रोलरने. बीएमएस फक्त तोडतो. म्हणून कंट्रोलरची मर्यादा बीएमएसच्या मर्यादेखाली हवी. एक मिलिओहमच्या शंटवर (करंट मोजायच्या छोट्या रोधावर) ४० अँपिअरला ४० मिलिव्होल्ट मिळतात, त्यावरून बीएमएस करंट ओळखतो. गाडी उचलतानाचा क्षणिक झटका सोसायला थोडा विलंब ठेवायचा, शॉर्टसर्किटला मात्र मायक्रोसेकंदांत तोडायचं. तोडताना वायरींच्या इंडक्टन्समुळे (वाहता करंट एकदम थांबू न देण्याच्या गुणामुळे) व्होल्टेज उसळतं, म्हणून तिथे ६० व्होल्टचे मॉस्फेट घालणं कंजूषपणा आहे. ८० किंवा १०० व्होल्टचे घ्यावेत. शेवटचा आधार म्हणून फ्यूज वेगळा.

ई-दुचाकींच्या बॅटरी सुरक्षेच्या एआयएस-१५६ या मानकाच्या सुधारणा डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाल्या, नव्या पॅकसाठी नियम कडक झाले. दुरुस्त केलेला पॅक मात्र कुणी उघडून पाहत नाही, आणि कमी वेगाच्या गाड्यांना तर आरटीओ नोंदणीच लागत नाही. निदान दुरुस्तीच्या बिलावर बीएमएस बदलला, तसाच ठेवला की वगळला, हे लिहिण्याची सक्ती परिवहन खात्याने करावी. ‘डायरेक्ट’ असं स्वतःच्या सहीने लिहून द्यायला किती गॅरेजवाले धजावतील?

– एक बॅटरी दुरुस्ती व्यावसायिक, कोल्हापूर