वसीम जाफरचं नाव जामठ्याच्या स्टेडियमवर दिसायला पाहिजे

संपादक साहेब, नमस्कार,

वसीम जाफर म्हटलं की लोकं मुंबईचा म्हणून मोकळे होतात, पण आम्हा नागपूरकरांसाठी तो आपलाच माणूस आहे. त्याची पहिली टेस्ट सेंच्युरी इथेच झाली, 2006 ला इंग्लंडविरुद्ध, सिव्हिल लाइन्सच्या जुन्या व्हीसीए (विदर्भ क्रिकेट असोसिएशन) ग्राउंडवर. पुढे अँटिग्वाला 212, कोलकात्यात पाकिस्तानविरुद्ध 202, तरी 31 टेस्टवरच गाडी थांबली, हे मला आजही पटत नाही.

आणि मग विदर्भाकडून तो जे खेळला ना! इराणी कपला जामठ्यात 286 मारले तेव्हा वयाची चाळिशी झाली होती, तरी तोच निवांत कव्हर ड्राइव्ह. 2017-18 ला आपण पहिल्यांदा रणजी जिंकलो तेव्हा विनिंग रन त्याच्याच बॅटमधून, पुढच्या सीझनला हजारावर रन अन् परत ट्रॉफी. आपल्या पोरांना मोठी इनिंग कशी बांधायची हे त्याच्याकडे बघून कळलं असं मी तर म्हणीन, फैज फजल कॅप्टन होता त्याचंही श्रेय आहेच.

व्हीसीएला एकच विनंती, जामठ्याच्या एका स्टँडला जाफरचं नाव द्या.

एक क्रिकेटप्रेमी, नागपूर