गच्चीवरील मनोरा आणि दुसरा हूक

महोदय,

पावसाळा तोंडावर आला की गच्चीवरील मनोऱ्यावरची अँटेना उतरवण्याची आणि मनोरा ताठ धरणाऱ्या ताणतारा आवळण्याची हौशी रेडिओचालकांची घाई सुरू होते. हॅमच्या, म्हणजे हौशी रेडिओच्या, परवान्यासाठीच्या परीक्षेत इलेक्ट्रॉनिक्स आणि नियमावली विचारतात. मनोऱ्यावर कसे चढावे हे कोणी विचारत नाही, त्यामुळे अनेक जण ते काम केबल ओढणाऱ्या एखाद्या तरुणावर सोपवून मोकळे होतात. मीही अनेक वर्षे तेच केले. तो चपला काढून, कमरेला पान्हा खोचून चढे आणि मी खालून सूचना देई, याची आज लाज वाटते.

गेल्या मे महिन्यात आमच्या ३० फुटी जाळीदार मनोऱ्याच्या एका खांबाच्या बुडाशी चंदेरी रंग किंचित फुगलेला दिसला, म्हणून स्क्रू ड्रायव्हरचे टोक टेकवले, तर ते सरळ आत गेले. पोकळ खांबात साचलेल्या पाण्याने नळी आतून खाल्ली होती. खांबांची बुडे, बोल्ट आणि ताणतारांचे क्लॅम्प हाताने तपासल्याखेरीज वर पाय ठेवूच नये.

नुसता कमरपट्टा पुरत नाही. पडल्यावर तो पोटात रुततो किंवा माणूस त्यातून निसटतो. म्हणून मांड्या, छाती आणि खांदे धरणारा पूर्ण हार्नेस हवा आणि त्याला दोर दोन, म्हणजे एक हूक काढण्यापूर्वी दुसरा अडकलेला असतो. हूक डोक्याच्या वर लावावा. २ मीटरचा दोर पायाशी लावला, तर तो ताणला जाईपर्यंत माणूस जवळजवळ ४ मीटर खाली आलेला असतो. ३० फुटी मनोऱ्यावर एवढी मोकळी जागा कुठली? शिवाय हार्नेसमध्ये निश्चल लटकलेल्या माणसाचे रक्त पायांत साचून तो काही मिनिटांत बेशुद्ध पडू शकतो, त्यामुळे त्याला उतरवू शकणारा साथीदार गच्चीवर हवाच, मात्र मनोऱ्याच्या थेट खाली नव्हे, कारण निसटलेला पान्हा तिथेच पडतो.

ट्रान्समीटर आणि रोटेटरचे (अँटेना फिरवणाऱ्या मोटरचे) प्लग आधी काढून ठेवावेत. २० मीटर तरंगलांबीच्या पट्ट्यासाठीच्या यागीचा (आडव्या दांड्यांच्या अँटेनाचा) एकेक दांडा सुमारे १० मीटर लांब असतो. ती उतरवताना शेजारून ११ केव्हीची (११ हजार व्होल्टची) तार जात असेल, तर वीजपुरवठा रीतसर बंद करून घेतल्याशिवाय कामाला हात लावू नये.

आम्ही चौघांनी वर्गणी काढून एक हार्नेस घेतला आहे. आता आम्हीच चढतो; तो तरुण आला तर त्यालाही तो घातल्याशिवाय वर सोडत नाही. पहिल्या दिवशी तो आम्हाला हसला होता.

— एक परवानाधारक हौशी रेडिओचालक, रत्नागिरी