फोटो नाहीये, पण तंबोरा होता

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही आवडत्या कलाकारासोबतचा फोटो पाठवा म्हणून आवाहन केलं होतं. आमच्या ग्रुपवर पण ते फिरलं आणि दोन दिवस नुसते सेल्फीच सेल्फी, कोण कुठल्या गायकासोबत, कोण रिॲलिटी शोवाल्या पोरीसोबत. माझ्याकडे एकही फोटो नाहीये. पण पंडित भीमसेन जोशींना मी हातभर अंतरावरून बघितलंय, आणि ते सांगितल्याशिवाय मला राहवेना म्हणून हे पत्र. मोठं झालं तर कापा, पण तंबोऱ्याचं तेवढं राहू द्या.

आता मी सांगलीत विश्रामबागला राहतो, पण लहानपण सगळं मिरजेत गेलं. शाळेतल्या मित्राच्या अब्बांचं सतारमेकर गल्लीत दुकान होतं, आम्ही सगळी पोरं त्यांना चाचाच म्हणायचो. शाळा सुटली की दप्तर तिथंच. भोपळ्यांचा ढीग, लाकडाचा भुसा आणि पॉलिशचा वास, तो वास अजून कुठं आला तरी मी थांबतो. ह्या गल्लीच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं तेव्हा सगळ्यांनी स्टेटस ठेवले, पण त्यातल्या किती जणांनी चाचासारखा माणूस जवारी काढताना, म्हणजे तार गुंजायला लावताना, बघितलाय देव जाणे. तारा जिच्यावर टेकतात ती घोडी घासायची, तार छेडायची, कान लावायचा, परत घासायची. अर्धा दिवस तेच. आम्हाला वाटायचं ह्यांना दुसरं काम नाही का.

तर मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याचा उरूस होता. पहिला मानाचा गलेफ, म्हणजे कबरीवर चढवायची चादर, चर्मकार समाजाचा असतो आणि मग रात्री गाणं, हे मिरजकरांना सांगायला नको. किराणा घराण्याचे मोठे गवई अब्दुल करीम खाँसाहेब ह्याच दर्ग्यात चिंचेच्या झाडाखाली गायचे. १९३७ साली तिकडं मद्रासजवळ एका छोट्या स्टेशनावर ते गेले आणि त्यांना आणून दफन केलं ते पण इथंच. म्हणून मोठमोठे गवई इथं येऊन हजेरी लावतात. भीमसेनजींचे गुरू सवाई गंधर्व हे खाँसाहेबांचे शिष्य, म्हणजे त्यांच्यासाठी ही आजेगुरूंची जागा झाली. पण हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मी आठवी-नववीत असेन आणि माझ्या लेखी ते म्हणजे टीव्हीवरच्या 'मिले सुर मेरा तुम्हारा'मध्ये पहिल्यांदा गातात ते, धबधब्यासमोरचे.

त्या रात्री भीमसेनजींचं गाणं होतं आणि एक तंबोरा दुकानात राहिला होता, तो पोचवायला चाचांनी मला पाठवलं. "संभालके जा रे, पोरापेक्षा तंबोरा महाग हाय," असं म्हणून हसले. तंबोरा माझ्याएवढाच उंच. दोन्ही हातांनी छातीशी धरला आणि निघालो, पण उरुसाची गर्दी तुम्हाला माहितीच आहे, खेळण्यांचे गाडे, मिठाईवाले, पाळणे, कुणाचं तरी कोपर लागलं आणि मी धडपडलो. भोपळा वाचला. घाम फुटला होता नुसता.

स्टेजच्या मागं पोचलो तर समोर तेच बसलेले, तोंडात पान. माझा घसा कोरडा. खिशात सहीसाठी वही आणि दोन रुपयांचं पेन मुद्दाम घेतलं होतं, ते आठवलंच नाही. मी तंबोरा पुढं केला, त्यांनी बसल्या बसल्या चारही तारांवरून बोट फिरवलं आणि थांबले. परत फिरवलं. तिसरी तार नीट बोलत नव्हती, म्हणजे जोडीतली एक गुंजत होती आणि दुसरी मुकी. धक्का लागला तेव्हा तिच्याखाली घोडीवर असतो तो दोरा, जवारीचं सूत, सरकलं होतं. मला वाटलं आता काय खरं नाही, चाचांचं नाव घालवलं मी. पण ते काही बोलले नाहीत. नखानं ते सूत केसभर पुढं ढकललं, तार छेडली, परत मागं घेतलं, छेडली. मग सूर बारीक जुळवायचा खालचा मणी जरासा सरकवला. आणि ती तार अशी काही बोलायला लागली की तंबोरा माझ्या हाताला लागून होता ना, तो कंप कोपरापर्यंत आला. त्यांनी माझ्याकडं बघून मान हलवली आणि तंबोरा शिष्याकडं दिला. झालं. एवढीच भेट.

गाणं कुठलं झालं ते विचारू नका, मला तेव्हा रागबिग काही कळत नव्हतं. डोळे मिटलेले, हात हवेत काहीतरी ओढून आणल्यासारखा, आणि ताना सुरू झाल्या की शेजारचे एक आजोबा माझ्या मांडीवर थापा मारायचे, स्वतःची सोडून. मी पहाटेपर्यंत बसलो आणि घरी गेल्यावर वडलांचा मार खाल्ला.

पुढं नोकरी लागल्यावर पुण्याला रमणबागेत सवाई गंधर्व महोत्सवाला दोनदा जाऊन त्यांना ऐकलं, पण लांबून, मांडवाच्या अगदी मागून. २००८ ला भारतरत्न जाहीर झालं तेव्हा चाचांनी गल्लीत पेढे वाटले आणि मला फोन करून म्हणाले, सूत सरकवलं होतंस ना तू. म्हणजे त्यांना माहीत होतं! इतकी वर्षं मी ते लपवून ठेवलं होतं, आणि त्या शिष्यानं दुसऱ्याच दिवशी दुकानात येऊन सांगितलं होतं म्हणे. २४ जानेवारी २०११ ला पंडितजी गेले त्या दिवशी मी ऑफिसातून लवकर निघून थेट दुकानात गेलो. चाचा जवारीच काढत बसले होते, रेडिओ बंद करून.

फोटो नाही म्हणून सोबत काही जोडलेलं नाही. छापायचाच असेल तर उरुसातल्या गाण्याचा एखादा जुना फोटो तुमच्या ऑफिसात असेलच, बघा.

आपला,
एक जुना मिरजकर, सध्या मु. विश्रामबाग, सांगली