प्लॉट २७ च्या पायाखोदाईआधी

दि. १६ मे

प्रति,
मा. अध्यक्ष व कार्यकारिणी सदस्य,
गृहनिर्माण सोसायटी, लातूर

विषय : प्लॉट क्र. २७ वरील पायाखोदाईबाबत

मा. अध्यक्षसाहेब,
सप्रेम नमस्कार.

प्लॉट २७ वर सोमवारपासून जेसीबी लागणार असल्याचे कळले. शेजारी घर उभे राहतेय, आनंदच आहे. पण मृग तीन आठवड्यांवर आला आहे आणि आपली जमीन काळी. म्हणून आखणीची फक्की पडण्याआधीच समितीने प्लॉटधारक व ठेकेदाराकडून पुढील गोष्टी लिहून घ्याव्यात, ही विनंती.

आधी खोलीचे. ‘पाच फूट खोदा’ हा ठराविक हिशेब काळीत चालत नाही. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. सध्या मोकळ्या प्लॉटवरच्या भेगांत अख्खा पंजा जातो. फुटिंग, म्हणजे कॉलमखालचा काँक्रीटचा पाया, या हलत्या थरात टेकले की खिडक्यांच्या कोपऱ्यांपासून तिरक्या चिरा निघतात, मग वर कितीही सिमेंट ओता. खोली काळीखालच्या घट्ट मुरमावरून ठरवावी. समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत आधी चाचणीचे खड्डे घ्यावेत, कारण एकाच प्लॉटवर मुरूम इकडे चार फुटांवर तर तिकडे आठ फुटांवर लागू शकतो. काळी संपली की बऱ्याचदा चुनखडीचे खडे असलेली पिवळसर माती लागते आणि तिलाच मुरूम समजून काम थांबवले जाते. पहार मारून पाहावी : मऊपणे रुतली तर अजून खाली जायचे, खणकन अडून कपच्या उडाल्या तर मुरूम. सगळी फुटिंग एकसारख्या थरावर हवीत. निम्मी मुरमावर, निम्मी मातीवर असलेले घर असमान खचते, आणि १९९३ चा किल्लारीचा भूकंप सोसलेल्या जिल्ह्यात तरी हे चालवून घेऊ नये. दहा फुटांतही मुरूम न लागल्यास अंडररीम पाइल (तळाशी फुगीर असे जमिनीत खोल नेलेले काँक्रीटचे खांब) घ्यायचे का, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरने ठरवावे, ठेकेदाराने नव्हे.

शेवटचे सहा इंच बकेटने न उकरता टिकाव-फावड्याने काढावेत, म्हणजे तळ भुसभुशीत होत नाही. कुठे जास्त खोदले गेले तर तिथे माती न भरता पीसीसीच (सळई नसलेले साधे काँक्रीट) भरावे. तळ उघडा पडला की त्याच दिवशी चार इंच पीसीसी. मध्येच पाऊस आला तर नुसते पाणी उपसून भागत नाही. मऊ झालेला थर खरवडून काढावा, मगच काँक्रीट.

आता मातीचा हिशेब. पाच बाय पाचचे फुटिंग, भोवती एकेक फूट जागा, म्हणजे सात बाय सातचा खड्डा. सहा फूट खोल धरला तर २९४ घनफूट. बारा कॉलमचे झाले साधारण ३५ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). मोकळी झालेली माती पाव पटीने तरी फुगते, म्हणजे ४४-४५ ब्रास. ती आपल्या वीस फुटी रस्त्यावर टाकली तर पहिल्याच सरीत गटार बुजेल. खोदेल तशी रोज उचलली पाहिजे. आणि महत्त्वाचे म्हणजे हीच काळी फुटिंगभोवती किंवा जोत्यात परत भरू देऊ नये. पैसे वाचवायला हेच केले जाते आणि दोन पावसाळ्यांत फरशी वर येते. भराव मुरमाचाच, सहा-सहा इंचांच्या थरांत, पाणी मारून आणि धुम्मसाने ठोकून.

प्लॉट २६ च्या बाजूला जास्त जपावे लागेल. कंपाउंडच्या भिंतीचा पाया नवीन खड्ड्यांपेक्षा बराच उथळ आहे. सलग खोदले तर भिंत खालून उघडी पडेल. त्या बाजूचे खड्डे एकाआड एक घ्यावेत, आधीचे काँक्रीट होऊन भराव झाल्यावरच मधले. हद्दीजवळची पाण्याची लाइन हाताने उघडून घ्यावी.

उन्हाळ्यात काळीची कड दगडासारखी उभी राहते, म्हणून मजूर बिनधास्त आत उतरतात. पण भेगेपासून सुटलेला थर अख्खाच्या अख्खा कोसळतो. पाच फुटांपेक्षा खोल खड्ड्याला उतार किंवा फळ्यांचा आधार हवा, काढलेली माती काठापासून किमान पाच फूट लांब. मुलांना सुट्ट्या आहेत, तेव्हा पत्रे आणि रात्री दिवा पहिल्या दिवसापासून.

पीसीसी ओतण्याआधी इंजिनिअर आणि समितीचा एक सदस्य यांनी प्रत्येक खड्ड्याचा तळ पाहून खोली रजिस्टरला नोंदवावी. रविवारी सकाळी बैठक ठेवल्यास आम्ही हजर राहू.

आपले,
प्लॉट क्र. २५, २६ व २८ चे रहिवासी